तंबाखूला चुना कशाला लागतो? निकोटीन शरीरात नेमकं काय करतं

तळहातावर तंबाखू घ्यायची, बोटाने चुना लावायचा, अंगठ्याने मळायची, दोन टाळ्या मारून भुकटी उडवायची आणि चिमूट खालच्या ओठाआड ठेवायची. डिचोलीच्या बाजारात, फोंड्याच्या बसस्टँडवर, काजूच्या बागेत सावलीला टेकलेल्या माणसांत हे रोज दिसतं. चुना कशाला, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘त्याशिवाय लागत नाही.’ उत्तर अगदी बरोबर आहे. पण चुन्यामुळे लागते ती कशी, हे फारसं कुणी सांगत नाही. ते कळलं की तंबाखूबद्दलच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

निकोटीन हे तंबाखूच्या झाडाने स्वतःच्या बचावासाठी बनवलेलं विष आहे. ते मुळांत तयार होतं, तिथून पानांत चढतं आणि पान कुरतडणाऱ्या किड्यांच्या मज्जासंस्थेवर घाला घालतं. शेतकरी पूर्वी पिकावर तंबाखूचा काढा फवारत ते यासाठीच. रसायनशास्त्राच्या हिशेबात निकोटीन आम्लारी आहे आणि ते दोन रूपांत असतं. भोवतालचा द्रव आम्लाकडे झुकलेला असेल तर निकोटीनच्या रेणूवर विद्युतभार येतो, आणि भार असलेला रेणू गालाच्या आतल्या अस्तरातून सहजी पार होत नाही. द्रव आम्लारीकडे झुकला की भार निघून जातो आणि मोकळा झालेला रेणू अस्तरातून थेट रक्तात उतरतो. आम्लता मोजायच्या पीएच मापात ही सीमारेषा ८ च्या आसपास आहे. लाळेचा पीएच साधारण ७. तेवढ्यावर दहा रेणूंतला जेमतेम एक मोकळा असतो. पीएच ९ वर गेला की दहांतले नऊ मोकळे होतात. चुना हे काम करतो. तंबाखू तीच, चिमूट तेवढीच; पण चुना लावला की तिच्यातलं निकोटीन रक्तात जायला मोकळं होतं.

चुन्याने तोंड सोलवटतं आणि त्या जखमेतून तंबाखू आत जाते, असं पुष्कळांना वाटतं. चुन्याने अस्तर भाजतं हे खरं, आणि ते वाईटच. पण झणका येतो तो पीएच बदलल्यामुळे. कारखान्यात बनणाऱ्या तंबाखूच्या पुड्यांमध्येही हाच हिशेब सांभाळलेला असतो.

सिगरेटचा मार्ग वेगळा आहे. तिचा धूर किंचित आम्लधर्मी असतो, त्यामुळे तो नुसता तोंडात धरला तर निकोटीन फारसं शोषलं जात नाही. तो छातीत ओढावा लागतो. फुप्फुसांचा आतला पृष्ठभाग ५० ते १०० चौरस मीटर भरेल इतका पसरलेला आहे, आणि तिथल्या द्रवाचा पीएच रक्ताजवळचा. तिथे पोहोचलेलं निकोटीन लगेच रक्तात मिसळतं, हृदयाच्या डाव्या कप्प्यात येतं आणि १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचतं. हाताच्या शिरेत सुई टोचून दिलेल्या औषधालाही याहून लांबचा रस्ता असतो, कारण ते आधी हृदयाच्या उजव्या बाजूला आणि मग फुप्फुसांत जातं. ओठाआडच्या तंबाखूचं तसं नाही. तिचं निकोटीन हळूहळू चढतं, वीस-तीस मिनिटं चढत राहतं आणि बराच वेळ टिकतं. एकूण मात्रा धरली तर तंबाखूची एक चिमूट सिगरेटला मागे टाकू शकते. ‘मी ओढत नाही, नुसती खातो’ म्हणणाऱ्याच्या रक्तात निकोटीन कमी असेलच असं अजिबात नाही.

व्यसन लागण्यात या वेगाचा मोठा वाटा आहे. झुरका आणि मेंदूला मिळणारं सुख यांत काही सेकंदांचं अंतर असलं की मेंदू त्या दोहोंची पक्की गाठ मारतो. दिवसाला एक पाकीट ओढणारा माणूस दोनशेच्या आसपास झुरके घेतो. म्हणजे ही गाठ दिवसातून दोनशे वेळा आवळली जाते.

मेंदूतली दारं

आपल्या गोव्यातल्या खाजन, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या बांधाला मानस, म्हणजे पाण्याची झडप असते. भरती-ओहोटी पाहून तिचं दार उघडतं-मिटतं, आणि खारं पाणी हवं तेवढंच आत येतं. मज्जापेशींच्या भिंतीत अशीच सूक्ष्म दारं असतात. ॲसिटिलकोलिन नावाचं शरीराचं स्वतःचं रसायन येऊन बसलं की दार क्षणभर उघडतं, मिठातलं सोडियम आत शिरतं, पेशी जागी होते आणि संदेश पुढे जातो. काम झालं की एक विकर (एन्झाइम) ॲसिटिलकोलिन मोडून टाकतं आणि दार मिटतं. निकोटीन याच दारांवर बसतं, पण त्याला मोडणारं विकर तिथे नाही. ते रेंगाळतं. आधी दार उघडतं, मग सततच्या माऱ्याने बधिर होऊन उघडेनासं होतं. ही तूट भरून काढायला मेंदू आणखी दारं बसवतो. नियमित तंबाखू घेणाऱ्याच्या मेंदूत ती न घेणाऱ्यापेक्षा जास्त असतात, हे मेंदूच्या चित्रणातही दिसतं.

यातली काही दारं मेंदूच्या ज्या भागात आहेत तिथून डोपामीन सुटतं. चांगलं जेवण, शाबासकी, प्रेमाचा स्पर्श यांनी जे बरं वाटतं त्यातही डोपामीनचा हात असतो. ‘हे पुन्हा कर’ अशी खूण ते मेंदूत उमटवतं. निकोटीन ही खूण फुकटात उमटवतं. त्याच वेळी मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून ॲड्रिनलिन सुटतं, हृदयाचे ठोके मिनिटाला दहा-पंधराने वाढतात, रक्तदाब चढतो, भूक मरते, झोप उडते. रात्रपाळीचा वॉचमन, खाणीवरचा ट्रक चालवणारा, दुपारचं जेवण पुढे ढकलून राबणारी बाई यांच्या हातात तंबाखू दिसते याला असं शारीरिक कारण आहे. या माणसांना निर्बुद्ध समजणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांच्या शरीराने अनुभवलेला परिणाम खरा असतो. त्याची किंमत तेव्हा दिसत नाही, एवढंच.

पहिल्यांदा घेणाऱ्याला मात्र चक्कर येते, घाम फुटतो, पोटात ढवळतं. आपण म्हणतो, तंबाखू लागली. मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर निकोटीनने मारलेली ती थाप असते. चार-सहा वेळा घेतल्यावर ही दारं सरावतात आणि शरीर इशारा द्यायचं थांबवतं. सवय झाली म्हणजे शरीराला तंबाखू मानवली, असं समजू नये.

रक्तातलं निकोटीन सुमारे दोन तासांनी अर्ध्यावर येतं. यकृत त्याचं कोटिनीन करतं, आणि कोटिनीन मात्र दोन-तीन दिवस रक्तात, लाळेत, लघवीत सापडतं. विमा कंपन्या तपासतात ते हेच. दोन तासांचा हा हिशेब दिवसभराची तलफ समजावतो. रात्री सात-आठ तास निकोटीन मिळालेलं नसतं, दारं मोकळी पडलेली असतात, सगळी एकदम मागायला लागतात. म्हणून कुणाला किती व्यसन आहे हे ओळखण्याचा सर्वांत उपयोगी प्रश्न ‘दिवसाला किती?’ हा नसून ‘उठल्यावर किती वेळात?’ हा आहे. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर पकड घट्ट आहे.

‘टेन्शन आलं की एक ओढतो, बरं वाटतं.’ हे खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. आधीच्या सिगरेटचं निकोटीन उतरल्यामुळे जी अस्वस्थता आलेली असते, ती पुढची सिगरेट घालवते. घरातली, नोकरीतली चिंता तिथेच राहते. सोडून काही आठवडे गेलेल्या लोकांमध्ये चिंता आणि खिन्नता ओढत असतानापेक्षा कमी आढळते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

पोट साफ होण्याचंही असंच. निकोटीन आतड्यांना हलवतं हे खरंच आहे, म्हणून सकाळची विडी किंवा मशेरी कितीतरी घरांत शौचाला जायचं औषध होऊन बसलेली आहे. सोडल्यावर सुरुवातीला बद्धकोष्ठ होतं. पाणी, पालेभाजी, केळी, चालणं, गरज पडली तर काही दिवस इसबगोल. काही आठवड्यांत आतडी आपली चाल परत धरतात. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण निव्वळ या एका त्रासामुळे पुन्हा विडीकडे वळलेली माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यांना आधी कुणी हे सांगितलेलं नसतं.

बांधून ठेवणारं एक, मारणारी दुसरी

निकोटीन व्यसन लावतं. पण तंबाखूने होणारे कर्करोग, दमा, फुप्फुसांचे आजार यांचा मोठा भार निकोटीनवर नाही, तर त्याच्याबरोबर येणाऱ्या बाकीच्या गोष्टींवर आहे. हा फरक समजला नाही तर निकोटीनच्या च्युइंग गमला माणूस घाबरतो आणि विडीला घाबरत नाही.

धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात, त्यांतली सुमारे सत्तर कर्करोगकारक. बेंझिन, फॉर्मल्डिहाइड ही काही नावं; डांबर म्हणजे धुरातला चिकट साका. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो, त्यामुळे ओढणाऱ्याच्या रक्ताचा एक हिस्सा प्राणवायू वाहायच्या कामी येतच नाही. चढावावर दम लागतो त्यामागे हेही एक कारण असतं. विडीत तंबाखू सिगरेटपेक्षा कमी भरलेली असते. पण तेंदूचं पान नीट जळत नाही, विडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोराने घ्यावे लागतात, आणि त्यातून येणारं निकोटीन, डांबर, कार्बन मोनॉक्साइड सिगरेटला सरस ठरतं. विडी देशी, म्हणून सौम्य, हा समज सोडून द्यावा. ‘लाइट’ सिगरेटचाही. तिच्या फिल्टरला बारीक भोकं असतात, यंत्राने मोजताना त्यांतून हवा मिसळते आणि आकडे कमी येतात. माणूस मात्र बोटांनी ती भोकं झाकतो किंवा खोल ओढतो आणि हवं तेवढं निकोटीन मिळवतोच.

न जाळता खाल्ल्या जाणाऱ्या तंबाखूत धूर नाही, पण पानं वाळवताना, मुरवताना निकोटीन आणि त्याच्या भाऊबंदांपासून नायट्रोसामाइन्स नावाची संयुगं तयार होतात. त्यांतली दोन, एनएनएन आणि एनएनके, माणसात कर्करोग करतात असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरवलेलं आहे. चिमूट तासन्‌तास त्याच जागी बसते आणि ती जागाच पुढे पांढरी पडते, चरचरते, कधी बिघडते. जगातल्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश आपल्या देशात आहेत, त्याचं मूळ ओठाआडच्या या चिमटीत आणि सुपारीत आहे.

निकोटीन स्वतः निर्दोष आहे असं मात्र नाही. ते रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाचं काम वाढवतं, गर्भातल्या बाळाच्या मेंदूला आणि फुप्फुसांना बाधतं. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, त्यामुळे शाळा-कॉलेजच्या वयात लागलेली सवय फार घट्ट बसते.

हृदयाबाबत एक गोष्ट वारंवार सांगावीशी वाटते. कर्करोगाचा धोका साधारणपणे सिगरेटींच्या संख्येबरोबर वाढतो, हृदयाचं गणित तसं नाही. दिवसाला एकच सिगरेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळजवळ निम्मा भरतो. ‘मी फक्त जेवणानंतर एक’ म्हणणाऱ्याला वीसातला एक भाग धोका असेल असं वाटतं; प्रत्यक्षात तो कितीतरी जास्त आहे. कमी करणं ही सोडण्याकडे जायची पायरी म्हणून चांगली, मुक्काम म्हणून नाही.

बाकी यादी लांब आहे. क्षयाचा धोका वाढतो, जखमा उशिरा भरतात, मधुमेहात पायाच्या रक्तवाहिन्या लवकर बंद होतात, पुरुषांत नपुंसकत्व येतं. तरुण पुरुषांच्या पायाची बोटं काळी पडून कापावी लागतात तो बर्गर रोग तर जवळपास फक्त तंबाखू घेणाऱ्यांनाच होतो.

आपल्या गोव्यात

तंबाखू हिंदुस्थानात आली ती पोर्तुगीजांबरोबर, आणि गोवा त्यांचं मुख्य ठाणं. ब्राझीलहून जहाजांनी येणाऱ्या तंबाखूचा मक्ता हे इथल्या पोर्तुगीज सरकारच्या मोठ्या उत्पन्नाचं साधन होतं. पण ज्या भूमीतून ती देशात शिरली तिथेच ती फार कमी घेतली जाते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात आपल्या देशात २८.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, त्रिपुरात ६४.५ टक्के, आणि गोव्यात ९.७ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत कमी. सार्वजनिक जागी धूम्रपान आणि थुंकणं यांना बंदी घालणारा कायदा गोव्याच्या विधानसभेने १९९७ मध्येच केला, केंद्राच्या २००३ च्या कायद्याआधी. २००५ मध्ये गुटखाबंदी आली. कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. शरद वैद्य आणि त्यांच्यासोबतच्या डॉक्टर-शिक्षकांनी यासाठी जे रान उठवलं, त्याची आठवण गोवेकराने ठेवायला हवी.

तरीही ९.७ टक्के म्हणजे दहा प्रौढांतला जवळपास एक. त्यातला एक मोठा भाग डोळ्यांना दिसत नाही, कारण तो घरात आहे. मशेरी कुणी व्यसनात मोजत नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, पूड करायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची; ती घेणारी बाई स्वतःला दात घासणारी समजते. सुरुवात बहुतेक दातदुखीपासून झालेली असते. तंबाखूने हिरडी थोडा वेळ बधिर होते आणि ठणका कमी वाटतो. आत कीड किंवा पू तसाच राहतो, हिरडी मागे सरकते, दात हलू लागतात, दुखणं वाढतं, म्हणून मशेरी वाढते. मग ती दिवसातून पाच-सहा वेळा लागते आणि तोंडात तासभर राहते. गरोदरपणात मळमळीवर उपाय म्हणूनही ती घेतली जाते. मुंबईत १,२१७ गरोदर महिलांचा एक अभ्यास झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू ओढणाऱ्या त्या महिला नव्हत्या. मशेरीसारख्या, तोंडात घ्यायच्या तंबाखूचा तो अभ्यास होता. ती घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची जन्मली आणि मुदतीआधी प्रसूतीचं प्रमाणही वाढलेलं आढळलं. घरात सून गरोदर असेल आणि सासू मशेरी लावत असेल तर हे दोघींना, कुणालाही खाली न पाहायला लावता, सांगणं फार गरजेचं आहे.

जुन्या पिढीत धुमटीही होती. तंबाखूचं पान दुसऱ्या झाडाच्या पानात शंकूसारखं गुंडाळून घरच्या घरी केलेली ही जाड विडी, दुकानात न मिळणारी. काही बायका तिचं पेटतं टोक तोंडात धरून ओढत. १९७६ मध्ये गोव्यातल्या ५,४४९ गावकऱ्यांची तोंडं तपासून या उलट्या धुमटीवर अभ्यास प्रसिद्ध झाला होता. जळतं टोक आत असलं की निखाऱ्याची धग आणि धूर दोन्ही थेट टाळूवर बसतात, आणि उलटं ओढणाऱ्यांमध्ये टाळूचे आजार दिसतात ते त्यामुळेच. धुमटी आता क्वचितच. पण एखाद्या आजीने ती तरुणपणी ओढली असेल तर तिची टाळू दंतवैद्याला एकदा दाखवावी.

गुटखा बंद झाल्यावर पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकायची युक्ती देशभर आली. दोन्ही मिसळलं की गुटखाच. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो: तंबाखू नसलेली सुपारीही निरुपद्रवी नाही. सुपारी स्वतः कर्करोगकारक असल्याचं २००४ मध्ये जाहीर झालं आहे. तिच्यातल्या ॲरेकोलिनमुळे गालाच्या आत तंतू साठतात, गाल ताठरतो आणि तोंड उघडेनासं होतं. कुळागरं, म्हणजे सुपारीच्या बागा, ही आपली श्रीमंती आहे, पूजेत, लग्नात सुपारीचा मान आहे, आणि तो असू द्यावा. पण मुलांच्या हाती पानमसाल्याची पुडी जाता कामा नये.

किनारपट्टीवरच्या हुक्क्याबद्दल थोडक्यात. धूर पाण्यातून आला तरी विष गाळून निघत नाही. तासाभराच्या एका बैठकीत जाणारा धूर एका सिगरेटच्या कितीतरी पट असतो, आणि कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वेगळाच. ई-सिगरेट देशात २०१९ च्या कायद्याने बनवणं, आणणं, विकणं, साठवणं सगळंच बंद आहे. पर्यटकांकडे दिसते म्हणून ती चालते असा अर्थ मुलांनी काढू नये. तिच्या द्रवात निकोटीन भरपूर असू शकतं, आणि तो द्रव लहान मुलाच्या तोंडात गेला तर विषबाधा होते.

तंबाखू किंवा सुपारी घेणाऱ्याने महिन्यातून एकदा आरशासमोर उभं राहून तोंड उघडावं. स्वतःची तीन बोटं उभी धरून आत जात नसतील, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, रोजचं हुमण (माशाची आमटी) अचानक जळजळायला लागलं असेल, तर वाट पाहू नये. बांबोळीला गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) आणि शासकीय दंत महाविद्यालय दोन्ही आहेत. यातल्या बऱ्याच गोष्टी कर्करोगाच्या आधीच्या असतात आणि त्या पायरीवर थांबवता येतात.

सोडताना काय होतं, काय करावं

शेवटच्या सिगरेटनंतर वीस मिनिटांत नाडी खाली येऊ लागते. दिवसाभरात कार्बन मोनॉक्साइड रक्तातून निघतो. वर्षभराने हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो, दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्याच्या आसपास. साठीनंतर सोडणाऱ्यालाही आयुष्य वाढवून मिळतं.

पण ज्याला सोडायचं आहे त्याच्या दृष्टीने खरा प्रश्न पहिल्या तीन दिवसांचा असतो. चिडचिड, झोप मोडणं, लक्ष न लागणं, भूक, रडू येणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळं शिगेला पोहोचतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. मेंदूने वाढवलेली जादा दारं दीड ते तीन महिन्यांत बरीचशी पूर्ववत होतात. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते, पुरवली नाही तरी जाते. घरच्यांनी या दिवसांत माणसाची चिडचिड स्वभावावर घेऊ नये. शरीर ओरडत असतं तेव्हा टोमणे मारू नयेत.

मनाच्या जोरावर एका झटक्यात सोडणारे असतात आणि त्यांना मानलं पाहिजे. पण तो एकच मार्ग खरा आणि बाकी दुबळेपणा, असं म्हणणं चूक आहे. निकोटीनची गम किंवा पट्टी वापरल्याने सिगरेट सुटण्याची शक्यता जवळपास दीडपट होते. त्यांत धूर नाही, डांबर नाही, आणि निकोटीन मेंदूत इतकं हळू पोहोचतं की झुरक्यासारखी गाठ पडत नाही. गम २ आणि ४ मिलिग्रॅमची मिळते. उठल्यावर अर्ध्या तासात सिगरेट लागत असेल तर सहसा मोठ्या मात्रेची लागते, आणि ते डॉक्टरांना विचारून ठरवावं.

गम चघळण्याची रीत चुकते म्हणून ती पुष्कळांना लागू पडत नाही. ती च्युइंग गमसारखी सतत चावायची नसते. थोडी चावायची, झणझण जाणवली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायची, झणझण ओसरली की पुन्हा थोडी चावायची, जागा बदलायची. असं अर्धा तास. सतत चावली तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं. पोटातल्या आम्लात ते शोषलं जात नाही, पुढे आतड्यांतून गेलं तरी यकृत त्याचा मोठा भाग मोडतं, आणि हाती येते फक्त उचकी आणि जळजळ. गममध्ये निकोटीन मोकळं व्हावं म्हणून तोंडाचा पीएच वाढवणारे क्षार घातलेले असतात. म्हणून गम घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि घेताना कॉफी, लिंबू सरबत, सोलकढी, थंड पेयं टाळायची. आंबट किंवा आम्लधर्मी काही तोंडात आलं की निकोटीनच्या रेणूंवर परत भार चढतो आणि गम वाया जाते.

तंबाखू किंवा मशेरी सोडणाऱ्याला हाताला आणि तोंडाला काहीतरी हवं असतं. बडीशेप, लवंग, ओवा, आवळ्याची सुपारी चालेल, साधी सुपारी नको. दातदुखीमुळे सुरू झालेली मशेरी दाताचा इलाज केल्याशिवाय सुटणं फार अवघड, म्हणून तिथे आधी दंतवैद्य. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन ही गोळ्यांची औषधंही आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. बोलून आधार हवा असेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, फोन फुकट. एकदा सोडून पुन्हा सुरू झालं तर तो प्रयत्न वाया गेला असं धरू नये. कायमचं सोडलेल्या बहुतेकांच्या मागे असे कितीतरी प्रयत्न असतात.

आणि चहा-कॉफीचं लक्षात ठेवा. तंबाखूच्या धुरातली काही रसायनं यकृतातलं एक विकर जोरात चालवतात, आणि तेच विकर कॅफीन मोडतं. ओढणं थांबलं की ते मंदावतं आणि नेहमीच्याच कपांतून रक्तात कॅफीन दुप्पट राहायला लागतं. छातीत धडधड, हात थरथरणं, रात्रभर डोळा न लागणं याला माणूस सिगरेट सोडल्याचा त्रास समजतो आणि परत पेटवतो. सोडायच्या दिवसापासून कप निम्मे करावेत. क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारखी मानसिक आजारावरची औषधंही याच विकराने मोडतात, त्यामुळे ती चालू असतील तर सिगरेट सोडायचा दिवस ठरवण्याआधी डॉक्टरांना सांगावं, म्हणजे मात्रा वेळेत बदलता येते.